ओव्हर-इअर हेडफोन: गाणं माझं, गेम पोराचा, खुर्ची एकच

उशीरजागा
सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय. आज गरज पडली म्हणून लिहितोय, स्वार्थी म्हणा हवं तर.

घर वाकडला, टू बीएचके. संगणक हॉलमध्ये आहे. पोराच्या खोलीत ठेवला तर पोरगा पुन्हा दिसणार नाही असं हिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. संध्याकाळी सात ते नऊ चिरंजीव (इयत्ता नववी) व्हॅलोरंट नावाचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतात. रात्री साडेदहानंतर खुर्ची माझी. मी शास्त्रीय ऐकतो, त्यातही जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं जास्त.

दोघांत मिळून हेडफोन एकच. तीन वर्षांपूर्वी घेतलेला गेमिंग हेडसेट, लाल दिवे लागणारा. दिव्यांनी आवाज कसा सुधारतो ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या कानाच्या गाद्यांचं रेक्झिन सोलून निघालंय, रोज कानावर काळे कपचे. परवा ऑफिसात एका मुलीने "काका, कानाला काजळ लागलंय, दृष्ट लागू नये म्हणून का?" असं विचारलं.

दुसरा त्रास किरकिरीचा. माऊस हलवला की बारीक चर्रर्र असा आवाज येतो. पोराला गोळीबारात तो जाणवत नाही. मला तानपुरा सुरू असताना फार टोचतो.

बजेट १२ हजार, ताणून १५. पोराला माइक हवा. ओपन बॅक, क्लोज्ड बॅक, ओहम, डीएसी, ७.१ असं वाचून वाचून डोकं भणाणलंय. दोघांना चालेल असा एकच घेता येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाराभाई
सोमवार, रात्री ११:५८

लाल दिवे लावून मारवा ऐकून बघा. हॉलमध्येच सूर्यास्त.

वाचनमात्र
मंगळवार, सकाळी ७:१०

रुमाल टाकून ठेवतो. हाच प्रश्न आमच्याकडेही आहे, फक्त गाणं बायकोचं आणि गेम माझा.

सोल्डरवाला
मंगळवार, सकाळी ९:३४

हेडफोन नंतर बघू, आधी ती किरकिर. माझा पैजेवर दावा आहे की ती हेडसेटची नाही.

हेडसेट कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावता ना? त्या भोकापासून मदरबोर्डपर्यंत एक बारीक वायर जाते, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून. माऊस हलला, पडद्यावर काही सरकलं की कार्डाला जाणारा करंट बदलतो आणि तो खडखडाट ती वायर उचलते. आज रात्री तीन गोष्टी करा. एक, मागच्या हिरव्या भोकात लावून बघा. दोन, हाच हेडसेट मोबाइलला लावून तेच गाणं ऐका. तीन, अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटाची मागची बाजू हलकेच लावा. मुंग्या आल्यासारखं झालं तर सॉकेटला अर्थिंग नाही. ते मात्र इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या, संगीतासाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी.

मोबाइलवर किरकिर गेली असेल तर १५ हजारांचा नवा हेडफोनही तुमच्या संगणकावर तितकाच किरकिरेल. फक्त जास्त स्पष्ट.

शंकासूर
मंगळवार, सकाळी ११:०२

शास्त्रीय ऐकता ना? मग ओपन बॅक. विषय संपला. क्लोज्ड हेडफोनमध्ये तानपुरा डब्यात बसून वाजवल्यासारखा लागतो. गेममध्येही ओपनच बरा, पावलं नेमकी कुठून येतायत ते कळतं. सेनहायझर एचडी ५६०एस घ्या आणि धाग्याला कुलूप लावा.

समईवात
मंगळवार, दुपारी १२:४०

शंकासूर, तुम्ही एकटे राहता का हो? भांडायला नाही विचारत आहे.

आमच्याकडेही हॉलमध्येच संगणक आहे. डोक्यावर पंखा पाचवर, स्वयंपाकघर सहा पावलांवर, कुकर, मिक्सर, शेजारच्यांचं ड्रिल, खाली भंगारवाला. लेकाला ओपन बॅक आणून दिला, तर त्याने दोन दिवसांत परत केला. म्हणाला, "आई, मला शत्रूच्या पावलांपेक्षा तुझी पावलं जास्त ऐकू येतात." शिवाय त्याच्या गोळ्या मला भाजी चिरताना ऐकू येत होत्या ते वेगळंच. परदेशी यूट्यूबर तळघरात बसून सल्ले देतात, त्यांच्याकडे छताला पंखा नसतो.

बाराभाई
मंगळवार, दुपारी १२:४४

+१. आणि शत्रूपेक्षा आईची पावलं ऐकू येणं हे खरं तर त्या हेडफोनचं वैशिष्ट्य म्हणून खोक्यावर छापायला हवं.

शंकासूर
मंगळवार, दुपारी १:१५

एकटा राहतो. मुद्दा मान्य. पण मूळ लेखक रात्री साडेदहानंतर ऐकतात, तेव्हा कुकर कुठला?

हाइलब्रॉनकर
मंगळवार, दुपारी २:३०

आयडीवरून कळलंच असेल, नोकरीनिमित्त हाइलब्रॉनला असतो, स्टुटगार्टपासून साधारण ५० किलोमीटर. हेडफोन बनवणारी बायरडायनॅमिक इथलीच. १९२४ मध्ये बर्लिनला सुरू झाली, महायुद्धानंतर इकडे आली. तेव्हा गावचा अभिमान म्हणून पक्षपात गृहीत धरा.

ओपन आणि क्लोज्ड म्हणजे नेमकं काय ते नवख्यांसाठी लिहितो. हेडफोनच्या आतला आवाज काढणारा पडदा पुढे हलतो तसा मागेही हलतो. मागची हवा बंद डब्यात कोंडली तर क्लोज्ड, मागे जाळी ठेवून मोकळी सोडली तर ओपन. १९६८ मध्ये सेनहायझरने पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा एचडी ४१४ काढला, ओपन प्रकार लोकांपर्यंत पोहोचला तो त्याच्यामुळे. जाळीतून आवाज बाहेर जातो तसाच बाहेरचा आतही येतो. समईवात म्हणतात ते जर्मन अभियंत्यांनाही मान्य आहे.

आमच्या गावचा डीटी ७७० प्रो क्लोज्ड आहे आणि त्याच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकारांना मखमली गाद्या असतात, म्हणजे काजळाचा प्रश्न मिटला. गाद्या, पट्टी, सगळे सुटे भाग मिळतात. फक्त घेताना ३२, ८० की २५० ओहम (म्हणजे विजेला होणारा अडथळा) ते नीट बघा.

नागपुरी_संत्रं
मंगळवार, दुपारी ४:०५

त्या २५० वरून आठवलं. मी तोच फसलेला माणूस आहे भाऊ. मला वाटलं ओहम जास्त म्हणजे माल भारी, जसं सिमेंट ५३ ग्रेड. २५० वाला मागवला, लॅपटॉपला लावला, आवाज फुल्ल केला, तर असं वाटलं की शेजारच्या घरी गाणं लागलंय अन् दार लोटलेलं आहे. तीन दिवस मी त्यालाच जर्मन सभ्यता समजत होतो. मग मित्राने ॲम्प, म्हणजे आवाजाला जोर देणारा डबा, आणला तेव्हा कळलं.

अन् मखमलीचं खरं आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, रेक्झिनच्या गाद्या घातल्या की अर्ध्या तासात कानाचं भरीत होतं. पण मखमलीला तेलाचं वावडं. डोक्याला तेल लावून हेडफोन घालू नका. माझ्या मखमलीला अजून खोबरेल तेलाचा वास येतो. बाकी आमच्या कूलरपुढे ओपन बॅकचा विचारही करू नका, ते हेलिकॉप्टर आहे.

बाराभाई
मंगळवार, दुपारी ४:१२

ओम जास्त तितकी शांती जास्त, तुमचं काय चुकलं?

मिक्सरमागे
मंगळवार, संध्याकाळी ६:४८

वीस वर्षं ध्वनिमुद्रणात आहे म्हणून दोन शब्द.

ओहमवर फार अडकू नका. नुसत्या ओहमवरून आवाज किती निघेल हे कळत नाही, संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो ते, सोबत बघावी लागते. ५६०एस १२० ओहमचा आहे, पण साध्या यूएसबी डोंगलवरही (यूएसबीत लावून हेडफोनचं भोक देणारी छोटी वायर, तीच छोटी डीएसी) नीट वाजतो. नागपूरकरांचा २५० वाला तितका मनमिळाऊ नाही.

स्टुडिओत अजूनही सगळीकडे सोनीचा एमडीआर-७५०६ दिसतो, १९९१ पासूनचा, गुंडाळीच्या वायरचा. सांगायचं कारण, लोक तो 'स्टुडिओत वापरतात म्हणजे उत्तम' असं म्हणून घरी नेतात. आम्ही तो चुका शोधायला वापरतो. गायकाचा श्वास कुठे माइकवर आदळला, पान उलटल्याचा आवाज आला का, तबल्याची हातोडी मध्येच कुठे वाजली. मैफल ऐकायला मी स्वतः तो लावत नाही, अर्ध्या तासात दात शिवशिवल्यासारखं होतं. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० चंही थोडं तसंच, वरची पट्टी फार उजळ. तबल्याचा 'ना' कानशिलात मारल्यासारखा येतो.

तुम्ही जुनी ध्वनिमुद्रणं म्हणता. ती मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, असतील तर सगळं डोक्याच्या मधोमध येणार, हेडफोन कितीही महाग घ्या. गायक, पेटी, तबला सगळे तुमच्या टाळूखाली एकाच सतरंजीवर. तिथे रुंदीपेक्षा मधल्या सप्तकाचा खरेपणा महत्त्वाचा, म्हणजे माणसाचा आवाज माणसासारखा. त्या बाबतीत सेनहायझरच्या एचडी ६०० बद्दल मी भांडायला तयार आहे, पण तो ३०० ओहमचा आणि तुमच्या बजेटच्या बाहेरचा.

पेटीमास्तर
मंगळवार, रात्री ८:२०

मिक्सरमागे, सतरंजीला दंडवत.

माझ्याकडे ५६०एस आणि ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स, एक ओपन एक क्लोज्ड, दोन्ही आहेत. शास्त्रीय दोन्हींवर ऐकतो. ५६०एसवर तानपुऱ्याची जवारी अशी उलगडते की चारी तारा मोजता येतात. एम४०एक्सवर डग्ग्याचा घुमारा जास्त पोटात लागतो पण तानपुरा मागच्या खोलीत जातो. चष्मा असेल तर क्लोज्ड घेताना जपून. दांडीमुळे गादीत फट राहते आणि खर्ज तिथून गळतो. मी चष्मा काढून ऐकतो, तसंही डोळे मिटलेलेच असतात.

नेहमीचंच सांगतो: ऐकल्याशिवाय घेऊ नका. मी कर्वेनगरला असतो. उशीरजागा, पोहे मिळणार असतील तर रविवारी दोन्ही घेऊन येतो.

उशीरजागा
मंगळवार, रात्री १०:४५

पेटीमास्तर, पोहे पक्के, सोबत मटकीची उसळ आणि तर्री.

सोल्डरवाला, मुंग्या आल्या नाहीत. मागच्या भोकात लावला तर किरकिर निम्मी, मोबाइलवर शून्य! म्हणजे तीन वर्षं मी बिचाऱ्या हेडसेटला शिव्या घालत होतो.

चिरंजीव शेजारी उभे आहेत आणि त्यांना बोलायचं आहे. त्याच्या शब्दांत टंकतो:

"हाय. मला बास नको आहे. बास जास्त असला की स्फोटात पावलं ऐकू येत नाहीत. पप्पांच्या हेडसेटमध्ये ७.१ चं बटण आहे ते मी बंद ठेवतो, कारण चालू केलं की सगळे बाथरूममध्ये पळतायत असं वाटतं. माइक पाहिजेच. आणि आजी बोलते ते सगळं माझ्या टीमला ऐकू जातं. ते तिला 'जीजी' म्हणतात, गेममध्ये 'गुड गेम'ला म्हणतात तसं."

नागपुरी_संत्रं
मंगळवार, रात्री १०:५९

पोरगा हुशार आहे, ७.१ (म्हणजे चहूबाजूंनी स्पीकर असल्याचा आभास) बंद ठेवतो. कान दोनच आहेत, स्पीकर पण दोनच. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका उशिरा, अन् मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. हे गणित गेम स्वतःच करू शकतो, व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ म्हणून आहे, ते चालू कर बेटा. वर हेडसेटचं ७.१ लावलं की चहात साखर दोनदा.

माइकसाठी वेगळा उपाय: कोणत्याही हेडफोनला चिकटणारा चुंबकाचा माइक मिळतो. किंवा टेबलावरचा साधा. किंवा सरळ हायपरएक्स क्लाउड २, माझ्याकडे आहे, गाणंही बरं वाजतं, माइक काढून ठेवता येतो.

समईवात
मंगळवार, रात्री ११:०५

थांबा थांबा. "आजी बोलते ते"? म्हणजे आजी हॉलमध्ये असतात? रात्रीसुद्धा?

उशीरजागा
मंगळवार, रात्री ११:११

हो. आई हॉलमधल्या दिवाणावर झोपते. टेबलापासून सहा-सात फूट. हे लिहायचं राहिलं.

शंकासूर
मंगळवार, रात्री ११:१४

हे *राहिलं*? माझी शिफारस मागे घेतो. ओपन बॅक म्हणजे त्यांच्या उशाशी डास गाणार.

मिक्सरमागे
बुधवार, सकाळी ८:०२

डास हे अगदी बरोबर वर्णन आहे. ओपनमधून खर्ज फारसा बाहेर जात नाही, वरचे सूर जातात. तान स्पष्ट आणि तबल्याची फक्त टिकटिक.

वाचनमात्र
बुधवार, सकाळी ९:२६

एक बाळबोध शंका. एवढी वायरींची भानगड कशाला, ब्लूटूथ घ्या ना? माझ्याकडे नॉइज कॅन्सलिंगवाला आहे, विमानात झकास चालतो. पंखाही गायब होतो.

सोल्डरवाला
बुधवार, सकाळी १०:१५

शंका बाळबोध नाही, हे उत्तर तिसऱ्या प्रतिसादात यायला हवं होतं.

पंखा, कूलर, विमान असा एकसुरी घुमणारा आवाज नॉइज कॅन्सलिंग छान खातं. कुकरची शिट्टी आणि माणसाची हाक तितकी खात नाही. गाण्यासाठी ब्लूटूथ ठीक. गेमसाठी घोटाळा, कारण आवाज बऱ्याचदा दीड-दोनशे मिलीसेकंद उशिरा पोचतो. गाणं उशिरा आलं तर कुणाला कळत नाही, बंदुकीचं कळतं. दुसरं, ब्लूटूथवर माइक चालू केला की संगणक हेडफोनला फोनच्या मोडात ढकलतो आणि सगळं जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखं ऐकू येतं. बिनतारीच हवा असेल तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी खुंट असलेला गेमिंग हेडसेट घ्यावा, त्यात उशीर जाणवत नाही.

उशीरजागा, तुम्ही आधी हजार-दोन हजाराचा यूएसबी डोंगल घ्या. ॲपलचा छोटा पांढरा चालेल, विंडोजवर झकास वाजतो. (अँड्रॉइड फोनवर आवाज कमी देतो, तिथे त्याला नावं ठेवू नका.) तुमच्या हेडसेटची पिन बघा. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर ती चार भागांची, माइकसकट एकाच भोकात जाते. दोन पिना असतील तर जोडणीची छोटी वायर लागेल. आणि गाद्या बदला, जुन्या ओढून काढायच्या आणि नव्या कडेच्या खाचेत बोटाने बसवायच्या. दहा मिनिटांचं काम, पहिल्या वेळी चाळीस आणि एक शिवी.

कर्णफूल
बुधवार, दुपारी ३:५०

व्यवसायाने ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून जरा विरजण घालते.

ओपन-क्लोज्डच्या वादात कुणी एक गोष्ट बोललं नाही. गोंगाटाच्या घरात ओपन बॅक घातला की माणूस नकळत आवाज वाढवतो, पंख्याच्या वर जायला. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास असा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९० वर गेलात की आठवड्याचे जेमतेम ४ तास, आणि नववीतल्या मुलाचे त्याहून कमी. तो रोज दोन तास खेळतो, तुम्हीच गुणाकार करा.

घरगुती परीक्षा सांगते. खेळ संपवून हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजते का, किंवा घर कापूस घातल्यासारखं मंद वाटतं का, हे मुलाला विचारा. उत्तर हो असेल तर मॉडेल बदलून उपयोग नाही, आवाजाचा काटा बदला.

बाराभाई
बुधवार, दुपारी ३:५५

डॉक्टरीणबाई, बायकोच्या आवाजाला आठवड्याला किती तास?

कर्णफूल
बुधवार, दुपारी ४:०१

साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, त्याला मर्यादा नाही. तुम्हाला ओरडून सांगावं लागत असेल तर तपासणीला या.

समईवात
बुधवार, दुपारी ४:०३

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

हाइलब्रॉनकर
बुधवार, संध्याकाळी ७:१८

अवांतर: हाक ऐकू न येण्यावरून आठवलं. सोनीचा पहिलावहिला वॉकमन, जुलै १९७९ चा टीपीएस-एल२, त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि वर एक नारिंगी बटण. दोघांनी एकत्र ऐकायचं, आणि बोलायचं झालं की बटण दाबायचं. गाणं मंद होऊन बारीक माइकमधून एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. पुढच्या मॉडेलांत ते बटण गेलं. माझ्या मामाकडे मस्कतहून आलेला होता, आम्हा पोरांना बटण दाबायची परवानगी होती, ऐकायची नव्हती.

पेटीमास्तर
बुधवार, संध्याकाळी ७:४०

आमच्याकडे वॉकमनच्या स्पंजच्या गाद्या फाटल्यावर आईने जुन्या मोज्याच्या शिवून दिल्या होत्या. सगळ्यात आरामशीर हेडफोन तोच.

नागपुरी_संत्रं
बुधवार, रात्री ९:३०

पहिल्या मखमली गाद्या म्हणायच्या मग.

शंकासूर
गुरुवार, सकाळी ११:२०

मूळ मुद्द्यावर या. आणि सगळ्यांनाच सांगतो, विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट साधन आहे. पोराने बास कमी केलेली एक मांडणी जपून ठेवावी, बापाने आपली वेगळी. अर्धे हेडफोन यातच सुधारतात, आणि आवडलं नाही तर परत पाठवायचा खोका शोधावा लागत नाही.

उशीरजागा
रविवार, रात्री ११:३७

वृत्तांत देतो, लांब आहे.

पेटीमास्तर सकाळी दहाला आले, दोन हेडफोन एका पिशवीत आणि दुसऱ्या पिशवीत हिच्यासाठी सोनचाफा, त्यामुळे घरात त्यांचं वजन माझ्याहून वाढलंय. डोंगल गुरुवारीच आला होता. किरकिर गेली. गेली म्हणजे साफ गेली. सोल्डरवाला, तुम्हाला माझ्याकडून एक मिसळ लागू.

आधी एम४०एक्स घातला. पंखा तीनवर होता, तो नाहीसा झाला. डग्गा असा वाजला की मी मान हलवायला लागलो. साधारण दहा मिनिटांनी खांद्यावर हात पडला. ही गॅसवर दूध ठेवून खाली भाजीवाल्याकडे गेली होती, जाताना मला दोनदा सांगून, आणि दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं. पेटीमास्तर समोर बसून पोहे खात होते, त्यांनीही दुसरा हेडफोन घातलेला. म्हणजे घरात दोन पुरुष जागे असून दूध उतू गेलं. ह्याला परीक्षण म्हणा.

मग ५६०एस. पहिलं काय ऐकू आलं तर पंखा. टक, टक, टक. हा पंखा टकटकतो हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. बंद केला. आणि मग तानपुरा आला. मास्तर म्हणाले तसं चार तारा मोजल्या. गायकाने 'सा' लावण्याआधी कुणीतरी मागे हळूच "वा" म्हणतं, हे ध्वनिमुद्रण मी वीस वर्षं ऐकतोय, तो "वा" आज पहिल्यांदा ऐकला. पंख्याविना घामाने सदरा भिजला होता पण उठलो नाही.

चिरंजीवांनी दोन्ही घालून दोन-दोन डाव खेळले. निकाल: "दोन्ही भारी आहेत, पण माझाच बरा, त्याला माइक आहे." जुन्या हेडसेटला नव्या गाद्या बसवल्या (चाळीस मिनिटं, तीन शिव्या), एचआरटीएफ चालू केलं, आवाजाच्या काट्यावर कर्णफूलताईंच्या नावाने पांढऱ्या शाईची रेघ मारली. कानात शीळ वाजते का विचारलं तर म्हणाला, "कधीकधी." त्यावर घरात वेगळी चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही. सध्या दोन तासांचा दीड झालाय.

राहिली आई. दुपारी ती दिवाणावर पडली होती आणि मी परीक्षा म्हणून ५६०एसवर भैरवी लावली, रात्री लावतो तेवढ्याच आवाजात. पाच मिनिटांनी मागे वळून बघितलं तर डोळे उघडे. म्हटलं झालं, झोपमोड केली, हा हेडफोन कटाप. विचारलं, "त्रास होतोय का गं?"

म्हणाली, "त्रास कसला, नीट ऐकू येत नाहीये. तबला नुसता टिकटिक वाजतोय. जरा मोठं कर, नाहीतर ती एक बाजू इकडे वळव."

म्हणजे गेली तीन वर्षं मी तिची झोप मोडू नये म्हणून कान बंद करून ऐकत होतो आणि ती अंधारात नुसती पडून होती.

५६०एस मागवला. खोका उघडलेला परतीचा माल होता, म्हणून बजेटात बसला. बुधवारी येईल.

समईवात
रविवार, रात्री ११:४४

आई भारी आहेत. पंख्याला तेल घाला पण.

सोल्डरवाला
रविवार, रात्री ११:५०

तेल नको, आधी पातीचे स्क्रू आणि वरची कटोरी घट्ट करा. टकटक बहुतेक तिथली असते. मिसळीचं लक्षात ठेवतो.

मिक्सरमागे
सोमवार, सकाळी ७:३३

तो मागचा "वा" बहुधा तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचा. माइक तिथेच असतो. आम्ही हल्ली काढून टाकतो, चुकतंच आमचं.

हाइलब्रॉनकर
सोमवार, दुपारी १:०९

डोंगलला दोन हेडफोन लागतील अशी दुभाजक वायर अगदी स्वस्तात मिळते. टीपीएस-एल२ घरच्या घरी.

उशीरजागा
शुक्रवार, रात्री ११:२०

वायर आणली. ५६०एस माझ्या डोक्यावर, पोराचा लाल दिव्यांचा आईला दिला. तो डोंगलवर असल्यामुळे दिवे लागत नाहीत, त्याचं तिला वाईट वाटलं. दोन अडचणी आहेत. एक, दोन्ही एकत्र लावले की तिच्याकडे आवाज मोठा आणि माझ्याकडे बारीक येतो. दुसरी मोठी: तिचा अंबाडा. पट्टी अंबाड्यावर चढते आणि घसरून कपाळावर येते, मागे नेली की मानेत बोचते. आडवं पडून ऐकायचं असतं ते वेगळंच. अंबाडा असणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईला, पडल्या पडल्या ऐकता येईल असं काही आहे का?

नागपुरी_संत्रं
शुक्रवार, रात्री ११:२६

कॉसचे केएससी७५. पट्टीच नसते, कानाला नुसते अडकवायचे, जसे वेल.

पेटीमास्तर
शुक्रवार, रात्री ११:३१

पण ते कुशीवर झोपलं की रुततील. माझ्या आत्याकडे उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर होता, तो बघा.

शंकासूर
शुक्रवार, रात्री ११:३५

उशीखालचा मोनो असतो.

मिक्सरमागे
शुक्रवार, रात्री ११:३६

ध्वनिमुद्रणंही मोनोच आहेत, चालेल की.

वाचनमात्र
शनिवार, सकाळी ८:१५

उशीरजागा, अंबाड्यासाठी नवीन धागा काढा. हा माझ्या मोबाइलवर उघडेपर्यंत चहा होतो. आणि कुणीतरी सांगा, गाणं बायकोचं आणि गेम माझा असेल तर कोणता घेऊ?